एकही जनावर सोडू नका

"म्याडम, पिसाळली वाटते ही," भगवानभाऊ दारातूनच म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. भगवानभाऊ आमच्या दवाखान्याचे परिचर. मारक्या बैलाच्या नाकात बिनधास्त हात घालणारा हा माणूस मांजरीला मात्र टरकतो.

टेबलावर भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट होते. एकावर एक पालथा घालून सुतळीनं बांधलेले. आत जुन्या लुगड्याच्या घडीवर एक राखाडी मांजर पडली होती. कान फडफडत होते, पाय आपोआप झटके देत होते, तोंडाला फेस होता. तिची मालकीण सुमन टेबलाची कड धरून उभी होती. बाहेर रस्त्यावर ट्रक उभा होता आणि त्याचा हॉर्न काही थांबत नव्हता.

मी पहाटेपासून लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गेले होते. तीन गावं करून नुकतीच खुर्चीत टेकले होते, चहा समोर निवत होता. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो मांजरीच्या काळजीचा नव्हता. आता हे आणखी कुठून आलं, असा होता.

मी सरकारी पशुवैद्यक. वाशिम जिल्ह्यात, मेडशीच्या पुढच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली. आमची ओपीडी म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी. मांजर क्वचित येते आणि आली तर पोत्यात येते. इकडे मांजर हलवायची रीतच तशी आहे. वाट दिसली तर परत येईल म्हणून पोत्यात घालतात, तोंड बांधतात, आणि उन्हातून नेल्यावर आतून अर्धमेली मांजर काढतात. सुमनची मांजर क्रेटमधून आली होती, कारण क्रेटचं मीच तिला सांगितलं होतं. दहा दिवसांपूर्वी.

तेव्हा ती झोपेची गोळी मागायला आली होती.

सुमन आणि तिचा नवरा दिगांबर दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोघांतलं एक जण आलं नाही तर तो कोयता मोडला. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ, उघड्या रानात, पाचटाच्या खोपटात राहायचं. शहरातली माणसं दोन दिवस हौसेनं तंबूत राहतात त्याला कॅम्पिंग म्हणतात. यांच्या सहा महिन्यांना तो शब्द कुणी लावत नाही.

"गोळी कुणाला?" मी विचारलं.

"आमच्या भुरीले. मांजर हाये. टरकात लय वरडते. मागच्या साली समदे कावले होते."

"मग घरी ठेवून जा. सासू आहे ना?"

"नाई म्याडम. भुरी नाई त मी नाई."

मागच्या हंगामात एका पहाटे त्यांच्या खोपटात मण्यार शिरला होता, दिगांबरच्या उशाशी. मण्यार झोपेत चावला तर बऱ्याचदा कळतही नाही, माणूस सकाळी उठत नाही एवढंच. भुरी पाठ फुगवून गुरगुरत राहिली, म्हणून दोघं जागी झाली आणि वाचली. पुन्हा खोपटात राहायचं तर मांजर सोबत हवी, यावर सुमन ठाम होती.

गोळी मी दिली नाही. झोपेच्या औषधानं मांजरीला स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. ट्रकमध्ये ओकली तर गुदमरते. त्याऐवजी मी तिला सांगितलं, पोतं नको, दोन क्रेट बांधून पिंजरा कर. आत घरच्या वासाचं लुगडं टाक. निघायच्या चार-पाच तास आधी खायला देऊ नको, पाणी दे. तिथे पोचल्यावर लगेच मोकळी सोडू नको, पंधरा दिवस खोपटातच ठेव, नाहीतर वाट शोधत निघून जाईल. भुरीला घरून आणवून रेबीजची लस टोचली. एवढं सगळं मी छान सांगितलं.

मग तिनं शेळ्यांच्या गोचिडांचं औषध मागितलं. शेळ्या सासूजवळ राहणार होत्या. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर भरायचं काम चालू झालं होतं. अ‍ॅप मध्येच बंद पडत होतं. मी मान खाली घालूनच भगवानभाऊंना बाटली भरून द्यायला सांगितलं आणि वीस वर्षं म्हणत आले ते वाक्य म्हटलं, "घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी लावायचं. एकही जनावर सोडू नका."

ते वाक्य चूक नाही. एक शेळी जरी सुटली तरी तिच्यावरचे गोचीड पुन्हा सगळ्यांवर चढतात. गोठ्यापुरतं ते अगदी बरोबर आहे.

तर आता, ऊसतोडीला निघायच्या दिवशी, ती मांजर टेबलावर थरथरत होती. मी हातमोजे घातले. पिसाळलेली नसावी, पण खात्री नव्हती. तुरीवरच्या फवाऱ्याचं विष? या दिवसांत तेच आधी मनात येतं. पण त्या विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. भुरीच्या बाहुल्या मोठ्या होत्या. मी वाकून तिच्या मानेचा वास घेतला. रॉकेलसारखा उग्र वास. तो वास माझ्या ओळखीचा होता, माझ्या औषधांच्या कपाटाला तोच येतो.

"हिच्या अंगाला काय लावलं?"

"गोचिडाचं. तुमीच देल्लं थे." सुमननं पिशवीतून बाटली काढली. बाटलीवर भगवानभाऊंच्या अक्षरात 'गोचीड' एवढंच लिहिलेलं.

"पाण्यात मिसळलं होतं?"

"बकऱ्यांचं मिसळलं. हिले पान्याचं भेव हाये, म्हून तसंच लावलं. काल सांजच्याले. इतकुसंच, मानेवर अन् पाठीवर."

"पण मांजरीला का लावलं?"

"तुमी म्हनलं होतं न, घरातलं एकबी जनावर सोडू नका."

मी बाटलीकडे बघत राहिले.

हे औषध गोचिडाच्या नसांवर काम करतं. शेळी, बैल, कुत्रा यांच्या अंगात त्यातलं थोडं शिरलं तर त्यांचं लिव्हर ते फोडून बाहेर टाकतं. मांजरीच्या लिव्हरला ते जमत नाही. तिच्या नसा पेटतात, झटके येतात, ताप चढतो, आणि वेळेत आवरलं नाही तर ती मरते. त्यातून मांजर स्वतःला चाटते, म्हणजे कातडीवरचं पोटातही जातं. कॉलेजातच शिकलेली गोष्ट. दहा दिवसांपूर्वी मला ती आठवली नव्हती, कारण मी विचारच शेळ्यांचा करत होते.

"भगवानभाऊ, कोमट पाणी. गरम नको. आणि समोरच्या हॉटेलातून भांडी घासायचं लिक्विड आणा."

तीन वेळा धुतली. तेलकट औषध नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबणच लागतो. सुमननं तिला टॉवेलात धरलं होतं आणि तोंडानं सारखं "भुरे, भुरे" चाललं होतं. मग झटके थांबवायचं इंजेक्शन. आमच्या सुया बैलाच्या मापाच्या. भगवानभाऊ मेडिकलमधून इन्सुलिनची सुई घेऊन आले. थरथरत्या पायातली दोऱ्याएवढी शीर शोधायला मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्यांदा सुई आत गेली तेवढ्यात ट्रकमधून उतरून दिगांबर आत आला.

"काय झालं?"

"गोचिडाचं औषध लावलं हिला," मी म्हटलं. कुणी लावायला सांगितलं, ते म्हटलं नाही.

तो बायकोवर उखडला. "अक्कल हाये का तुले? म्याडमनं बकऱ्यांसाठी देल्लं अन् तू मांजरीले फासलं! जरा इचारा लागत होतं न!"

सुमन खाली बघून उभी राहिली. आता मी बोलायला हवं होतं. पण मी सुई धरून होते, हळूहळू औषध सोडत होते, आणि हे संपलं की सांगू असं स्वतःला म्हणत होते. ते संपलं तरी मी बोलले नाही.

तेवढ्यात तालुक्याच्या साहेबांचा फोन.

"म्याडम, आजचे टॅग अपलोड झाले का?"

"नाही साहेब. इमर्जन्सी आहे."

"काय केस?"

"मांजर."

"मांजर आपल्या टारगेटमध्ये नाही. एन्ट्री कुठे करणार?"

"'इतर'मध्ये, साहेब."

फोन ठेवला तर दारात मुकादम उभा. प्रल्हाद त्याचं नाव. मजुरांच्या टोळीला कारखान्यावर न्यायचं काम त्याचं. "म्याडम, गाडी खोळंबून राह्यली. मांजर क्रेटमधी टाकून नेली त जमन का?"

"नाही. दोन दिवस हलवायची नाही. ट्रकच्या आवाजानं आणि धक्क्यांनी झटके परत सुरू होतील."

"मंग मी बी जात नाई," सुमन म्हणाली. दिगांबर नुसता भिंतीला टेकला.

"एका मांजरीपायी कोयता मोडता काय?" प्रल्हाद वैतागला.

मी दमलेली होते, स्वतःवर चिडलेली होते, ते सगळं त्याच्यावर निघालं. "त्या मांजरीमुळेच तुमचा हा कोयता शिल्लक आहे, मुकादम. मण्यार विसरलात का?"

तो विसरला नव्हता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "परवा दुपारी रिठदच्या टोळीची गाडी याच रस्त्यानं येईन. त्यात बसा. त्यात नाई आले त मले दुसरी जोडी पाहा लागन." ट्रक गेला. सुमन-दिगांबरचं गाठोडं, भांडी, दोन कोयते आमच्या व्हरांड्यात उतरले.

पुढचे दोन दिवस ते दोघं त्या व्हरांड्यातच राहिले. धुतल्यामुळे भुरीचं अंग गार पडत होतं, म्हणून कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्याभोवती ठेवत होतो. झटके परत आले की इंजेक्शन. संध्याकाळी मी रजिस्टर भरलं. आजाराच्या कारणात लिहिलं, 'मालकाने चुकीचे औषध लावल्याने विषबाधा.' लिहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी थरथर फक्त कानांत उरली. तिसऱ्या दिवशी सकाळी भुरी उभी राहिली, पडली, परत उभी राहिली आणि बशीतलं उकडलेलं अंडं खाऊन भगवानभाऊंवर फिसकारली. भगवानभाऊ दारात पळाले. मला इतका आनंद झाला की मी तिथंच स्टुलावर बसून घेतलं.

दुपारी रिठदची गाडी आली. दिगांबर गाठोडं चढवत होता. सुमन क्रेटला सुतळी बांधत होती. मी तिच्याजवळ गेले.

"सुमन, यात तुझी चूक नव्हती. सांगताना मी मान वर केली नाही. मांजरीला लावू नको, हे मी सांगायला हवं होतं."

तिनं गाठ मारली, ओढून पाहिली. "मले मालूम हाये म्याडम. तुमी बाटली पाह्यली तवाच समजलं."

"मग नवरा बोलत होता तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तवा सुई भुरीच्या पायात होती न," ती म्हणाली. "म्या बोलली असती त तुमचा हात हालला असता."

क्रेट मांडीवर घेऊन ती ट्रकमध्ये बसली. मी त्या सुईचं निमित्त करून तोंड बंद ठेवलं होतं आणि तिनंही त्याच सुईसाठी बोलणी खाल्ली होती.

आत येऊन मी रजिस्टर उघडलं. 'मालकाने' खोडलं आणि वर लिहिलं, 'डॉक्टरने अपुरी सूचना दिल्याने.' खाली सही केली. पंधरा दिवसांनी तपासणीत साहेबांना ते दिसलं. खुलासा मागितला, मी दिला. असं स्वतःहून कुणी लिहितं का म्हणाले.

चैत्रात ती टोळी परतली. भुरी त्याच क्रेटमधून आली, जाडजूड होऊन.

आता बाटलीवर 'मांजरीला नाही' असं ठळक लिहिलेलं असतं. पण वाचता न येणारेही पुष्कळ येतात. म्हणून मी मोबाइल पालथा ठेवते, समोरच्याकडे बघते आणि विचारते, घरात मांजर आहे का? बैलाच्या औषधाला मांजरीची चौकशी म्हणून लोक हसतात. हसू देत. उत्तर येईपर्यंत बाटली मी माझ्याच हातात ठेवते.