न सापडणारं भोक

माझा धाकटा भाऊ परदेशातून सुट्टीला येताना अम्मासाठी साडी आणायचा. त्या वर्षी स्वतःसाठी पतंग घेऊन आला. पायाखाली फळी घ्यायची आणि पतंगाच्या ओढीनं समुद्रावरून धावायचं, असा तो खेळ. या पतंगाच्या कडेला मांडीएवढी जाड नळी असते. ती पंपानं टणक फुगवली की पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही. आमच्या तंजावूरहून समुद्र गाडीनं तासा-दोन तासांवर, पण नळीत हवा टिकेल तर ना! संध्याकाळी फुगवून हॉलमध्ये ठेवायची आणि सकाळी बघावं तर सादळलेल्या पापडासारखी मऊ.

मी शाळेत गणित शिकवते. चूक सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरमधून दुरुस्तीची माहिती छापून आणली. नळीला साबणाचं पाणी फासलं, एक बुडबुडा नाही. मग आतली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली आणि हौदात बुडवली. तरी काही नाही. ती पुन्हा कापडात सरकवायला पावडरचा अख्खा डबा संपला आणि शिंकून शिंकून माझा जीव गेला. ठिगळ होतं, पण लावायचं कुठे, कपाळावर?

भाऊ मात्र नळीला कान लावून तासन्‌तास बसायचा. शेजारी साबणाचं भांडं धरून अम्मा. राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाची सून रुसली, कुणाची गाय व्यायली, सगळं ती त्याला सांगायची आणि तो हूं हूं करायचा. या दोघांना एवढा धीर येतो कुठून, या विचारानंच माझं डोकं तापायचं.

शेवटी तो मला हळूच म्हणाला, "अक्का, उद्यापर्यंत नाही जमलं तर मी मद्रासला मित्राकडे जातो. तिथं कुणीतरी दुरुस्त करेल. विमानही तिथूनच पकडेन."

मला त्याचा भयंकर राग आला. दोन वर्षांनी घरी यायचं आणि एका पतंगापायी निघून जायचं! समुद्रावर गेला असता तर निदान रात्री जेवायला अम्मासमोर बसला असता. आता काही करून ते भोक सापडायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा अर्धीच होती. घरी आले तर भाऊ केस कापायला गेलेला. अम्मा हॉलमध्ये गुडघे टेकून बसली होती. नळीचं बूच तिनं जरासं उचकटलं होतं, आणि आवाज होऊ नये म्हणून वर पदर दाबून धरला होता.

"अम्मा! काय चाललंय हे?"

ती दचकलीसुद्धा नाही. "कसाला ओरडतेस? अस्की हवा नाही सोडत मी. थोडीच."

"अगं, मी वेड्यासारखी भोक शोधतेय इतके दिवस!"

"तितके दिवस तो घरात बसला की," अम्मा म्हणाली. "माझ्याजवळ."

 मी तिला मद्रासचं सांगितलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. थोडा वेळ तिचा हात बुचावर तसाच राहिला. मग तिनं तळव्यानं ते दाबून घट्ट बसवलं आणि पंप माझ्याकडे सरकवला.

सकाळी नळी टणक होती. भाऊ मला 'ग्रेट' म्हणाला आणि अम्मानं बांधून दिलेला चिंचेचा भात घेऊन समुद्रावर गेला. दिवेलागणीला उन्हानं काळा होऊन, पण खुशीत परत आला.

"पाणी आहे का, अक्का? मीठ राहिलं तर कापड खराब होतं. गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवावं लागतं."

अम्मा मागच्या अंगणात आली. "हे रोज धुवायचं?"

"समुद्रावर गेलो की रोज, अम्मा."

"मग बस इथं. तू धर, मी धुत्यें."

तिनं तो पतंग वीत-वीत करून धुतला आणि धुतलेला भाग परत धुतला. एरवी पाणी वाया घालवते म्हणून मी कडाडले असते. त्या संध्याकाळी तिची बादली रिकामी झाली की मी विहिरीचं पाणी शेंदून देत राहिले.