ताईच्या मापाचे गाऊन

गल्लीत तिला सगळे टाचणीकाकू म्हणतात. कपड्याचं फिटिंग करताना तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या असतातच, आणि त्यांच्या आडूनच ती बोलते. सवय नसलेल्याला वाटतं, बाई रागावल्यात. खरं तर उलट आहे. टाचण्या तोंडात आहेत तोवर घाबरायचं कारण नाही. त्या एकेक करून काढून ती उशीत टोचायला लागली, की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

"श्वास सोड."

"सोडलाय, काकू."

"मग हे पोट कुणाचं? शेजारच्यांचं?"

आमच्या नाटकमंडळींचे कपडे तीच शिवते, त्यामुळे ही असली बोलणी मी पोटभर ऐकली आहेत.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडे काच, काचेमागे मशीन, उजव्या हाताला कापायचं लांब टेबल. मधल्या दारापलीकडे नवऱ्याची इस्त्री. कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचे हा त्याचा धंदा. "आमच्या संसारात सुरकुती टिकत नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्यावर बाहेरून ठरलेला आवाज येतो, "पाडतं कोण, तेही सांगा."

टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे. त्याला पुठ्ठ्याचे चार तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेले असतात: पुढचा भाग, पाठ, बाही, खिसा. हा त्यांच्या थोरल्या लेकीच्या मापाचा साचा. ती सात वर्षांची असताना गेली.

आजार लांबला होता. सुया टोचताना पोरीने कधी हूं की चूं केलं नाही. पण हॉस्पिटलात घालायला दिलेल्या गाऊनपायी ती रडायची. मोठ्या माणसाचा गाऊन. बाह्या चार-चार वेळा दुमडायच्या, आणि बांधायच्या नाड्या पाठीमागे, त्याही निम्म्या तुटलेल्या. बाथरूमपर्यंत जायचं तरी भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी आडवी चालायची. "आई, मागून सगळं दिसतं गं."

एका सकाळी काकू घरी आली, नवऱ्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला एक शर्ट उचलला आणि दुपारी नवा गाऊन घेऊन वॉर्डात हजर. पाठ बंद. दोन्ही खांद्यांवर आणि बाहीवर खालपर्यंत टिचबटणं, म्हणजे हाताला सलाइनची नळी असली तरी गाऊन घालता-काढता यावा. थोरलीने सगळी बटणं टिचटिच उघडून पुन्हा लावली आणि वर तोंड करून विचारलं, "खिसा?"

"आजारी माणसाला खिसा कशाला लागतो?"

"मग हात कुठे ठेवायचे?"

खिसा लागला.

ती गेल्यावर नवरा-बायको वॉर्डातलं सामान आणायला गेले. शेजारच्या खाटेवरची मुलगी पांघरुणातून डोकं काढून म्हणाली, "तिचा तो खिशाचा झगा मला देता?" काकूने दिला. घरी येऊन उरलेल्या सुती कापडाची गाठोडी उपसली, पुठ्ठा कापला, आणि त्याच मापाचे गाऊन शिवायला बसली. पाच वर्षांची धाकटी टेबलाखाली बसून विचारायची, "हे कुणाचे?" "ताईच्या कपाटातले," असं एकदा बापाने वेळ मारून नेण्यासाठी सांगितलं, आणि नाव तेच पडलं. वॉर्डातल्या एका लोखंडी कपाटावर आज तेच लिहिलेलं आहे: ताईचं कपाट.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद आणि कपाटाचं काम सुरू. कापड लोकांकडून येतं. ते आधी नवऱ्याच्या हातात जातं. तो ते उकळत्या पाण्यात घालतो, पिळतो, पांढऱ्या रुमालावर घासून बघतो. रंग सोडला, की बाद. एकदा एका दुकानदाराने लालभडक चकचकीत ठाण आणून दिलं. "हे घालून पोरगं बरं होईल की नाचायला लागेल?" असं म्हणत काकूने त्याच्या पडद्यांसाठी ते परत पाठवलं. खिशाचं कापड मात्र प्रत्येक गाऊनला वेगळं, आणि ते निवडायचा मान धाकटीचा. शिवलेला गाऊन मुलाचाच. बरं होऊन घरी जाताना सोबत न्यायचा. बालगृहातून येणारी कितीतरी मुलं अशी, की त्यांच्यासाठी घरून डबा नाही, भेटायला कुणी नाही; त्यांच्याकडे 'माझं' म्हणायला तेवढा एक गाऊन असतो.

पाच वर्षं हे असं चाललं. मग वॉर्डात नव्या सिस्टर आल्या. उंच, धिप्पाड, आवाज असा की कुजबुजल्या तरी जिन्यापर्यंत ऐकू जावं. त्या एक दिवस गाठोडं काखेत मारून थेट दुकानात आल्या.

"हे तुमच्याकडचे ना?"

"हो. उसवलं का कुठे?"

"उसवतंय कसलं! शिलाई एक नंबर आहे. पण बाई, सगळे एकाच मापाचे का?"

मशीन थांबलं.

"तीन वर्षांची पोरं यात अडखळून पडतात. आठ-नऊच्या पुढच्यांच्या खांद्यातून हे जातच नाहीत. कपाटात हा ढीग, आणि निम्मा वॉर्ड त्याच जुन्या नाड्यांच्या गाऊनमध्ये. शिवणाऱ्याला मुलं वाढतात हे माहीत नाही का?"

आतली इस्त्रीही थांबली.

आता, हे कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. आधीच्या सिस्टर छोट्यांच्या गाऊनला खालून टाके घालायच्या, मोठ्यांना जुनेच द्यायच्या आणि गप्प बसायच्या. त्या आईला कोण सांगणार? नवऱ्याला ठाऊक होतं. तोही ताकास तूर लागू देत नव्हता. गंमत म्हणजे हीच बाई गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून त्याच्या कंबरेचं माप सांगते. कुठल्या वयाला खांदा किती, बाही किती, हे तिला झोपेतही पाठ. पण सातच्या पुढचा साचा कापायचा म्हणजे थोरली जिथे थांबली तिथून पुढे जायचं. तिचा हात तेवढ्यासाठी उठत नव्हता.

काकूने ओठांतली एक टाचणी काढून उशीत टोचली. मग दुसरी. मग तिसरी.

"आमचे गाऊन याच मापाचे असतात," ती म्हणाली. "ज्यांना बसतील त्यांना द्या. बाकीचे ठेवून जा."

सिस्टरनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे. त्यांना काही कळलं असावं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी आहे. बालगृहातून आलीये. दिवसभर खाटेवरून उतरत नाही. उतरलीच तर भिंतीला पाठ लावून चालते. म्हटलं, तिच्यासाठी एखादा मिळतो का बघावं. जाऊ द्या. येते मी."

दार लागलं.

"अगं..." नवरा मधल्या दारात येऊन म्हणाला.

"इस्त्री जळेल तुमची."

"बंद करून आलोय."

"मग चालू करा."

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते एखाद्या नवशिक्याने केलं असतं, तर तिने त्याला दारातूनच घरी पाठवलं असतं. तिने थोरलीचाच पुठ्ठा कापडावर ठेवला आणि कडेने सगळीकडून चार-चार बोटं जास्त धरून खडू ओढला. नवा साचा नको, नवं माप नको. तीच, फक्त जरा मोठी.

"असं कुणी वाढवतं का?" नवऱ्याने न राहवून विचारलं.

"तुम्हाला शिवणातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर विचारलं. मला कळत नसून दिसतंय, तर तुला..."

"घाला पाणी तुमच्या इस्त्रीत."

गाऊन घेऊन ती स्वतः वॉर्डात गेली. मुलगी सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, फार कमी बोलणारी. तिने गाऊन घातला. घेर तंबूसारखा, गळा मात्र आवळलेला, आणि काखेत कापड असं रुतलेलं की कोपर छातीच्या वर जाईना. व्हायचं तेच झालं होतं. सगळीकडून बोटं वाढवली की कापड वाढतं, पण गळ्याची आणि काखेची जागा उलट लहान होते.

"छान आहे, काकू," मुलगी म्हणाली.

"हात वर कर."

"नको. चालेल मला. मी हात खालीच ठेवीन ना."

काकू तिची बटणं सोडवायला लागली. आयुष्यात तिच्या हातच्या कपड्याला लोकांनी महाग म्हटलं असेल, उशिरा मिळाला म्हटलं असेल. पण कपड्यासाठी हात खाली ठेवावा लागेल, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि या पोरीने तर ते तिची समजूत घालायला म्हटलं होतं.

घरी आली तेव्हा धाकटी शाळेतून येऊन टेबलावर पाय हलवत बसली होती. अंगात दुकानातून आणलेला तयार फ्रॉक, खांद्यातून घसरणारा. गल्लीत यावरून कमी टोमणे नव्हते: शिवणकाम करणारीची लेक आणि अंगात रेडिमेड!

"नाही बसला ना?" धाकटीने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबाने. आई, माझं माप घे. मी दहाची आहे. ती बाराची. थोडं वाढव. पण निदान खऱ्या मुलीचं तरी होईल."

"तुला अभ्यास नाही का?"

"आहे. तू माझं माप घेतच नाहीस." पाय हलायचे थांबले. "आधी घ्यायचीस. मी ताईएवढी झाले, त्या वेळी शेवटचं घेतलंस. मग बाबा दुकानातून आणायला लागला. कधी ढगळ, कधी आखूड. मला वाटलं, विसरतेस. मग वाटलं, रागावलीस." तिने खांद्यावरून घसरलेला फ्रॉक वर ओढला. "मी काही मुद्दाम मोठी नाही झाले."

मधल्या दारात नवरा उभा होता, हातात कुणाचा तरी शर्ट. त्याने शर्टाची कॉलर उगीचच दोनदा नीट केली.

काकू लेकीकडे बघत राहिली. नंतर ती मला म्हणाली, "मी तिच्याकडे रोज बघत होते गं. जेवायला वाढताना, वेणी घालताना. पण शिंप्याच्या नजरेनं बघितलं नव्हतं. त्या नजरेला काही लपत नाही ना, म्हणून."

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"ती टेप द्या इकडे. आणि कपाटामागचा खाकी कागद काढा. फाटका नको, आख्खा काढा."

धाकटी टुणकन खाली उतरली आणि सैनिकासारखी ताठ उभी राहिली.

"एवढी ताठ नको. रोजची उभी राहतेस तशी राहा."

"रोजची मी उभीच नसते."

"खांदा," काकू म्हणाली, आणि आकडा सांगितला. नवऱ्याने तो खडूने टेबलावर लिहिला. "पाठ." आकडा. "बाही." टेप खांद्यावरून कोपराला वळसा घालून मनगटाकडे निघाली. सातच्या साच्याची बाही संपते तिथे काकूचं बोट आपोआप थांबलं. पुढे अजून बराच हात होता.

"एवढी लांब झालीस?"

"केव्हाच!"

बोट पुढे सरकलं. मनगटापर्यंत गेलं. तिने आकडा पुटपुटला. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही, बरोबर ऐकला होता. मग छातीचं माप. टेप पाठीमागून फिरवून तिने दोन्ही टोकं पुढे धरली आणि तशीच धरून ठेवली.

"आई, गुदगुल्या होतायत. झालं ना?"

"थांब. नीट घेऊ दे."

त्या दुपारी तिने कागदावर नवा साचा काढला. बारा वर्षांसाठी खांदा किती वाढतो, काख किती खाली येते, सगळं तिच्या बोटांत होतंच. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या त्या मुलीने गाऊन घालून न सांगताच हात वर केला, आणि खिडकीची वरची कडी काढून दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "ए, ती खिडकी बंद कर, वारा येतोय," आणि तोंड फिरवून नाक पुसलं. त्यांचं नाक पुसणंही जिन्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

"आता मापं सांगा," काकू त्यांना म्हणाली. "अगदी छोट्यांपासून."

"एवढे साचे करणार?"

"मुलं वाढतात हे माहीत नाही का, असं तुम्हीच विचारलंत ना? आहे माहीत."

सात वर्षांचा साचा तसाच राहिला, आणि त्या वयाची मुलं आली की त्यावरून गाऊनही कापले जातात. पण आता खिळे वाढले. आठ ते बारापर्यंतचे पुठ्ठे धाकटीच्या मापावरून झाले. पुढचे तिच्याबरोबर होत गेले, पोरीला टेप दिसली की ती पळायला बघायची, "आई, गेल्या महिन्यात तर घेतलंस!" आणि काकूचं उत्तर ठरलेलं, "गेल्या महिन्यातली तू कुठे आहेस आता?"

परवा मी कपडे न्यायला गेले, तर दुकानात नेहमीचा गोंधळ. मोठ्या मुलींच्या वॉर्डासाठी पंधराचा साचा हवा होता. धाकटी मधोमध उभी, हातात मोबाइल, आणि काकू तिच्या पाठीमागे टाचा उंचावून खांद्याला टेप लावायच्या खटपटीत. लेक आता तिच्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे. टेप एकदा घसरली, दोनदा घसरली. धाकटीच्या ते लक्षात आलं. तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि गुडघे वाकवून खाली झाली.

"ए, वाकू नकोस," काकू टाचण्यांच्या आडून म्हणाली. "माप चुकेल. सरळ उभी राहा, मी चढते."

आणि पायाने स्टूल ओढून ती वर चढली.