कंठस्थ कुळ

स्मरण आणि धारणा यांत एक सूक्ष्म अंतर आहे. जे सुखाचे वा दुःखाचे, ते मन स्वतःसाठी जपते. त्याला आपण स्मरण म्हणतो. धारणा दुसऱ्यासाठी असते. आधीच्याने सोपवलेले नंतरच्याच्या हाती जसेच्या तसे पोचेपर्यंत सांभाळायचे, त्यात आपले काही मिसळायचे नाही, त्यातले काही सांडू द्यायचे नाही, असे हे व्रत आहे. ते आचरणारे बहुधा विद्वान नसतात आणि आपण व्रतस्थ आहोत याची त्यांना वार्ताही नसते. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या टेकडीवर राहणाऱ्या ऑनर टिअर्नी अशांपैकी एक होत्या.

त्यांनी उभी हयात कोपऱ्यावरची डेअरी चालवण्यात घालवली. तिकडे डेअरी म्हणजे दुधापासून जॅन्डल चपलांपर्यंत सारे काही मिळणारे गल्लीतले दुकान. यजमान लवकर गेले. एकुलता मुलगा ऑस्ट्रेलियात रमला. नात कीरा दूर उत्तरेला अल्बनीत राहून विद्यापीठात नोकरी करी आणि जमेल तेव्हा आजीला भेटायला येई. शेजारच्या घरात जुई नावाची मराठी परिचारिका राहत होती. मिरजेच्या शाळेतून निवृत्त झालेली तिची आई, दमयंती, तिच्याकडे कायमची राहायला आली. दमयंतीबाईंनी तीन पिढ्यांना संस्कृत शिकवले होते.

नोव्हेंबर हा ऑनरबाईंच्या धर्मात मृतांच्या स्मरणाचा महिना. अशाच एका सकाळी दमयंतीबाई परसात कपडे वाळत घालत होत्या. कुंपणापलीकडून एक संथ स्वर येऊ लागला. शब्द इंग्रजी नव्हते, माओरीही वाटेनात. पण श्वास कुठे घ्यायचा, स्वर कुठे उतरवायचा, याची ती शिस्त त्यांनी बालपणी वडिलांच्या संथेत ऐकली होती. पाठ संपेपर्यंत त्या ओली चादर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि मग न राहवून कुंपणापाशी गेल्या.

ऑनरबाईंनी संकोच न करता सांगितले. त्यांचे वडील आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या क्लेअर परगण्यातून मजूर म्हणून इकडे आले. बटाटे खणता खणता त्यांनी लेकीकडून ही नावे घोकून घेतली. भाषा आयरिश, आणि त्या भाषेतले लेकीला एवढेच येत होते. मॅक म्हणजे मुलगा, याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो, अशी ती माळ. हे आपले पूर्वज, मोठे लोक होते, मान ताठ ठेव, असे वडील बजावत. शाळेतल्या मुली आयरिश बटाटा म्हणून चिडवत तेव्हा ऑनर मनातल्या मनात ही नावे म्हणे. पुढे गल्ल्यापाशी कोणी उर्मट बोलला, तरी तेच करी.

अर्थाविना पाठांतर म्हणजे नुसते ओझे, हे दमयंतीबाईंचे वर्गातले ठरलेले वाक्य होते. या नावांमागचा अर्थ कळावा असे कधी वाटले नाही का, असे त्यांनी विचारलेच.

“अर्थ वडिलांनी दिलाच नाही, मिसेस डी,” ऑनरबाई म्हणाल्या. दमयंती हे नाव त्यांच्या जिभेला वळत नसे. “दिलं ते एवढंच. आता काय, अपुरा माल आला म्हणून परत करू?”

कीराला दिवस गेले होते. बाळाच्या बाप्तिस्म्याला ही नावे तिच्याच तोंडून म्हटली जावीत, अशी ऑनरबाईंची एकच इच्छा उरली होती. सुट्टीला आली की कीरा आजीपाशी बसून शिके. निम्मी वंशावळ तिच्या तोंडी बसलीही होती. येणाऱ्या बाळाला पाठाबरोबर अर्थही मिळावा, असे दमयंतीबाईंच्या मनाने घेतले. जुईने आईला टोकले.

“त्यांनी मागितलंय का आई? त्यांचं स्वीट ॲज, मस्त चाललंय. राहू दे ना.”

पण आपला कोणता किल्ला बुडाला हे ऐकण्याची हौस ऑनरबाईंनाही होतीच. जुईने मोबाइलवर पाठ ध्वनिमुद्रित केला आणि तो आयर्लंडमधल्या एका अभ्यासक तरुणीकडे पोचला. नवीन वर्ष लागल्यावर तिघी पडद्यासमोर बसल्या. पलीकडची ती तरुण अभ्यासक गहिवरली होती. इतका निर्मळ पाठ तिने ऐकला नव्हता. त्यातली दोन नावे कोणत्याही हस्तलिखितात सापडत नव्हती.

“मग आमचा किल्ला कुठं होता?” ऑनरबाईंनी विचारले.

ती अभ्यासक फार जपून बोलू लागली. ही वंशावळ त्या भागातल्या एका सरदार घराण्याची होती. ऑनरबाईंच्या माहेरचे लोक त्या घराण्याचे वंशकथक. गादी कोणाची हे सभेत उभे राहून सांगायचे, हा त्यांचा पिढीजात अधिकार. पुढे इंग्रजांनी जमिनी हिरावल्या, सरदार परागंदा झाले; कथकांनी कुदळ हाती धरली, पण पाठ सोडला नाही. त्यात स्वतःचे नाव घालण्याची मात्र रीत नव्हती.

दमयंतीबाईंना भरून आले. सरदारांहून ही विद्या मोठी, तुम्ही तर पंडितांच्या कुळातल्या, असे त्या पुनःपुन्हा सांगत राहिल्या. ऑनरबाईंनी स्वेटरची बटणे लावली.

“मोठी असेल,” त्या म्हणाल्या. “पण मी जन्मभर दुसऱ्याच्या आजोबांना आजोबा म्हणत आले.”

ईस्टरला कीरा उरलेली नावे शिकायला आली. आजीने तिला सांगितले, उगाच डोके शिणवू नको, ते आपले नाही. कीरा हटून बसली. आपले नसेना का, पण नॅनाच्या तोंडचे आहे, एवढे तिला पुरे होते. ऑनरबाई उठून चहा ठेवायला गेल्या. जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, मुलगी झाली. बाप्तिस्मा झाला, त्यात वंशावळ नव्हती.

दमयंतीबाई पश्चात्तापाने पोळत होत्या. एका दुपारी त्यांनी ऑनरबाईंना आपल्या मुलखातल्या हेळव्यांची गोष्ट सांगितली. बैलावर बसून हेळवी दारी येतो, घरधन्याच्या कितीएक पिढ्या तोंडपाठ म्हणतो, आणि सारे गाव हात जोडून ऐकते. पाठ करणाऱ्याचा मान हा असा असतो, असे त्यांना सुचवायचे होते.

ऑनरबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले.

“आणि त्याचं स्वतःचं कूळ कोण म्हणतं, मिसेस डी?”

हा प्रश्न दमयंतीबाईंना आयुष्यात कधी पडलाच नव्हता.

त्या वर्षीचा नोव्हेंबर मुका गेला. दमयंतीबाई कामाच्या निमित्ताने परसात रेंगाळत. पलीकडे फक्त वारा असे. पुढच्या एप्रिलात, तिकडच्या शरदात, ऑनरबाई थोड्याशा दुखण्याने गेल्या.

दफनाच्या वेळी कीरा मुलीला कडेवर घेऊन पुढे झाली आणि कोणी न सांगता नावे म्हणू लागली. चाल आजीचीच होती. मध्यावर येऊन ती अडली. तिने शेवटचे नाव पुन्हा म्हटले, मग आणखी एकदा. मोबाइलवर ऐकून ऐकून दमयंतीबाईंना सारा पाठ मुखोद्गत झाला होता. पुढचे नाव त्यांच्या ओठांशी आले. पण ते पुरवण्याची परवानगी जिच्याकडून घ्यायची, तिच्याच तोंडून आपण ते काढून घेतले, या जाणिवेने त्यांची जीभ उचलेना. मग पाद्र्यांनी प्रार्थना सुरू केली.

ऑनरबाईंचा संपूर्ण पाठ आज आयर्लंडच्या एका संग्रहात आहे, त्या सरदार घराण्याच्या नावाने. कीराला निम्मी नावे येतात.