ओरडून सांगायचं माप

"चार बाइट पाठवतोय मॅडम, चारचंच घ्या!"

लॅबच्या त्या टोकाहून सरांची अशी आरोळी आली की पोरं खिदळायची. तुम्हीही हसला असता. नांदेडचं आमचं कॉलेज आणि मोंढ्यातल्या धान्याच्या हर्राशीत बोली पुकारल्यासारखा आवाज!

जुने संगणक एकमेकांना जोडून एकच गणित सगळ्यांवर एकदम चालवायचं, हे सरांचं वेड. गोदावरीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचं गणित. ते त्यांनी फोरट्रान भाषेत लिहिलेलं. त्यातून निघालेले आकडे सगळ्या संगणकांवरून गोळा करायचं काम माझं, सी भाषेत. आता दोन्हीकडे आकड्याचं माप, म्हणजे एक आकडा किती बाइट जागा घेतो ते, एकच हवं. तिकडून आठ बाइटचा निघाला आणि इकडे चारचा समजून वाचला, तर नुसता कचरा हाती येतो. संगणक तक्रारसुद्धा करत नाही. म्हणून माप बदललं की ओरडून सांगायचं, हा सरांचा नेम. मी "घेतलं हो!" म्हटल्याशिवाय ते पुढची ओळ लिहायचे नाहीत.

"ईमेल करा की सर."

"ईमेल वाचता व्हय तुम्ही? ओरडलेलं लई पक्कं ऱ्हातं."

मग घशाचा कॅन्सर निघाला. लातूरला ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तरी टाके वाळले न वाळले तोच माणूस लॅबमध्ये हजर! गळ्याला मफलर, हातात पाटी. लिहायचे ते अगदी कामापुरतं.

आल्या आल्या गणित चालवलं, तर गोदावरी थेट तिकडं लांबच्या कंधारच्या किल्ल्यावर चढलेली. मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. आपलं गणित त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं, चूक सापडेना. शेवटी पाटीवर लिहिलं, "औषधांनी डोकं गेलं माझं."

"काहीतरीच काय सर! सापडेल."

त्यांनी पाटी पुसली आणि उदगीरला घरी निघून गेले. परत आलेच नाहीत. दिवाळीच्या आधी वारले.

परवा नवे संगणक आले म्हणून ते सगळं पुन्हा उघडलं, तर सरांच्या फाइलवर ऑपरेशनच्या आठवड्यातली तारीख दिसली. लातूरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या सरांनी लॅपटॉपवर, उत्तर आणखी अचूक यावं म्हणून, आपले आकडे आठ बाइटचे केले होते. माझ्याकडे चारच. ओरडायला गळाच नव्हता हो त्यांना! मी आठ केले. पाणी मागच्या पुरात थांबलं होतं तिथंच येऊन थांबलं. मी तिथंच बसून रडले.

उदगीरला सरांच्या घरी, वहिनींकडे गेले. म्हटलं, "वहिनी, सरांचं गणित बरोबर होतं. डोकं शाबूत होतं त्यांचं."

वहिनींच्या हातातली चहाची गाळणी थांबली.

"खरंच?"

"अगदी खरं."

"शेवटी शेवटी औषधाच्या गोळ्यासुद्धा माझ्यापुढं सरकवायचे. लिहून दाखवायचे, 'तूच मोज. माझा भरवसा न्हाई.'"