खंडेनवमीचा कॉम्प्युटर

सकाळी चहा टाकण्याआधी चंद्रप्रभा कॉम्प्युटर चालू करायची. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत रोजचाच निरोप उमटायचा: हार्ड डिस्क खराब होत चालली आहे, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क बदला, आणि पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. चंद्रप्रभा एफ-वन दाबायची आणि आधण ठेवायला स्वयंपाकघरात जायची. पाणी उकळेपर्यंत मशीन तयार झालेलं असायचं आणि आतल्या खोलीतून नवऱ्याची हाक यायची, "प्रभा, चहाची फाईल कोणत्या टेबलावर अडकलीय?"

"आले, आले. सही व्हायचीय अजून," ती ओरडून सांगायची.

गुणवंतांची जीभ हलायची बंद होऊन दीड वर्ष होत आलं होतं. मोटर न्यूरॉनचा आजार. आधी डावा हात गेला, मग पाय, मग बोलणं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं. हाक मात्र त्यांची स्वतःचीच होती. नोएडातल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं माइकवरून ऐकलेली, किंचित नाकातली, वाक्याच्या शेवटी हसू दाबणारी.

ती हाक मुलीने वाचवून ठेवली होती. चेतना घरूनच रोज गुरुग्रामच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जायची. वडिलांचे शब्द जड व्हायला लागले, तसं तिने एका रविवारी त्यांना घरातल्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर माइकवाला हेडफोन चढवला.

"बाबा, बोला. रोज लागणारं सगळं बोलून ठेवायचं."

"शिव्या पण?"

"शिव्या आधी. त्या एकदम क्लिअर पाहिजेत."

संध्याकाळमागून संध्याकाळ गुणवंत बोलत राहिले. पाणी दे. उजव्या कुशीवर वळव. कफ अडकलाय. लाईट डोळ्यांवर येतोय. मटार महाग झाले म्हणून रोज भोपळा करू नकोस. वरच्या मजल्यावरच्या साहेबांसाठी खास हिंदीत, भाईसाहब, आपका कुत्ता कल फिर हमारे गमले में आया था. चेतनाने मग एक प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर चौकोन मांडलेले, त्यांवरून हिरवी चौकट पुढेपुढे सरकत राहायची. हव्या त्या चौकोनावर आली की गुणवंत बोटाखालचं मोठं बटण दाबायचे आणि बोलायचे. स्वतःच्या आवाजात बोलायचे. भेटायला येणारे आधी दचकायचे, मग हसायचे, आणि जाताना लिफ्टपाशी डोळे पुसायचे.

रोजच्या त्या निरोपाचं चंद्रप्रभाला काही वाटत नसे. अकोल्याहून लग्न होऊन ती दिल्लीला आली, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिली आणि एका मंत्रालयात कारकून म्हणून लागली ती निवृत्तीपर्यंत तिथेच होती. तिथे प्रत्येक फाईलवर 'तत्काळ' अशी लाल चिठ्ठी असायची. सगळंच तत्काळ, त्यामुळे कुणीच घाई करत नसे. मशीनही रोज तेच सांगत होतं आणि रोज चालतही होतं.

मशीनशी तिचं नातं मात्र तेव्हापासूनचं. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. खंडेनवमीला तिच्या सेक्शनमध्ये पूजा असायची. दिल्लीकर सहकाऱ्यांना ही हत्यारं पुजायची रीत तिनेच लावली होती. ती फडक्याने मशीन पुसायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची, आणि त्या दिवशी त्यावर एक अक्षर टाइप करायची नाही. "मॅडम, हमारे वाले को भी टीका लगा दीजिए, महीने भर से बीमार है," म्हणून शेजारच्या सेक्शनमधले बाबू बोलवायला यायचे. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विसावा द्यायचा, एवढाच तिचा धर्म होता. देवळात ती फारशी जात नसे.

यंदा नवरात्र बसलं आणि मशीन चालू व्हायला फार वेळ लागू लागला. चहा निवायचा तरी हाक येत नसे. एफ-वननंतर आणखी एक निरोप यायला लागला, डिस्क तपासतोय, थांबा. कधी चौकट मध्येच गोठायची आणि गुणवंतांचं बोट बटण दाबतच राहायचं.

शनिवारी चेतनाने कॅबिनेट उघडलं. धूळ उडवली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून परत बसवल्या, डिस्कची केबल बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. निरोप येतच राहिला. मग तिने डिस्कची तपासणी लावली आणि आकडे बघून तिचा चेहरा उतरला. आवाजांचं फोल्डर कॉपी करायला गेली तर पहिल्याच फायलीवर मशीन अडकलं. तिने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, चालू आहे तोवर काढून घ्या, एकदा बंद होऊन थंड झाली की अशी डिस्क पुन्हा फिरेलच असं नाही.

तिने नवी डिस्क जोडली आणि जुनीवरचं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत, खराब जागा ओलांडत, इंचाइंचाने उतरवून घेणारा प्रोग्रॅम लावला. तो सावकाश चालणार होता. तोवर गुणवंतांना बोलता येणार नव्हतं. तिने वडिलांना शेजारी बसून सगळं समजावलं. आई स्वयंपाकघरात होती, कुकर वाजत होता. चेतनाने दारातूनच सांगितलं, "आई, मशीन चालू राहू दे हां. कॉपी होतेय."

"हो गं," चंद्रप्रभा म्हणाली.

खंडेनवमी मंगळवारी होती. चेतना कंपनीच्या गाडीने लवकर निघून गेली. समोरच्या पंजाबी आंटींकडे कंजक, म्हणजे कुमारिकांची पूजा होती, म्हणून लहान लहान मुली लाल ओढण्या घेऊन जिन्यात धावत होत्या. यांच्याकडेही येणार होत्या. चंद्रप्रभाने शिरा केला, अंघोळ करून पूजेचं ताट घेतलं आणि गुणवंतांच्या खोलीत आली. हवा खराब झाली होती म्हणून प्युरिफायर मोठ्याने घोंघावत होता. कॉम्प्युटरची स्क्रीन काळी होती. शनिवारपासून चाललेलं काम एव्हाना झालं असणार, असं तिने धरलं.

ओलं फडकं लावायचं तर आधी वीज बंद करायची, ही तिची ऑफिसातली सवय. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

गुणवंतांच्या घशातून आवाज निघाला.

"हो हो, तुमच्याकडेही येते," ती पाठमोरीच म्हणाली. तिने कॅबिनेट पुसलं, दोन बोटांनी हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मागे गुणवंतांचं बोट बटणावर आपटत होतं, टक टक टक, ज्या बटणातून काहीच निघणार नव्हतं. ती वळली तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि भिंतीवर खिळले होते. तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सरोजिनीनगरचे दसरे आठवले असतील, असं तिला वाटलं. तिलाही भरून आलं. तिने पदराने त्यांचे डोळे पुसले.

"उगाच जीव कासावीस करून घेऊ नका. आहे ना मी."

दाराची बेल वाजली. कंजक आल्या होत्या.

मुलींचे पाय धुऊन, शिरा-पुरी देऊन, आंटींशी दोन शब्द बोलून ती परत आली, तरी त्यांचं बोट टकटकतच होतं. आता मात्र तिने अक्षरांचा तक्ता घेतला. ती ओळीवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. पहिलं अक्षर क आलं. मग प. तक्त्यावर काना-मात्रा नव्हत्या, त्या अंदाजाने लावायच्या. "कप? चहा हवाय?" पापणी मिटली नाही. गुणवंतांनी नजर कॉम्प्युटरकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

"कॉपी," चंद्रप्रभा म्हणाली.

पापणी मिटली.

तिने धावत जाऊन भिंतीवरचं बटण चालू केलं, कॅबिनेटचं दाबलं, फूल खाली पडलं ते तसंच राहू दिलं, आणि एफ-वनवर बोट ठेवून उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या निरोपाची ती वाट बघत होती. निरोप आला नाही. काळ्या स्क्रीनवर भलत्याच इंग्रजी ओळी एकाखाली एक उतरत राहिल्या आणि कॅबिनेटच्या आतून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. तरीही ती एफ-वन दाबत राहिली.

तिने चेतनाला फोन करून मशीन चालू होत नसल्याचं सांगितलं.

"लाईट गेली होती का?" चेतनाने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. सोसायटीत रोज दोनदा लाईट जायची.

"नाही. मी बंद केला. पूजेसाठी."

"येते मी," चेतना म्हणाली.

ती दुपारीच आली. बूट न काढता जमिनीवर बसली आणि केबल तशीच ठेवून डिस्क बाहेर ओढून कानाला लावली. कॅबिनेटवरचं हळदकुंकू तिने बोटाने पुसून बघितलं.

"मी सांगितलं होतं ना चालू ठेव म्हणून?"

"शनिवारी म्हणालीस. मला वाटलं झालं असेल. स्क्रीन बंद होती."

"अगं, स्क्रीन झोपते, मशीन नाही झोपत! इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम केलंस ना तू?" ती एकदम हसली. "यार आई, हार्ड डिस्कची पूजा! हे मी कुणाला सांगू तरी कसं?" आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. चंद्रप्रभाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण वळूनही बघितलं नाही. मग म्हणाली, "एफ-वन मीपण दाबतच होते. दर रविवारी. अर्थ कळत असून."

गुणवंत दोघींकडे बघत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणी विचारलं नाही.

नेहरू प्लेसच्या माणसाने डिस्क उघडली. आतल्या चकतीवर चरे पडले होते. नव्या डिस्कवर जेवढं उतरलं होतं त्यात चेतनाचा प्रोग्रॅम पूर्ण आला होता. चौकोन, त्यांवरची नावं, सरकणारी हिरवी चौकट, सगळं. आवाजांच्या फायली त्यापुढच्या भागात होत्या. चेतनाने एकेक चौकोन दाबून बघितला. चौकोन उजळायचा आणि विझायचा.

फोनमध्ये गणेशोत्सवाचे दोन-तीन व्हिडिओ होते. त्यांत ढोल जास्त आणि गुणवंत कमी होते. शेवटी चेतनाने कॉम्प्युटरचाच तयार मराठी आवाज जोडला. तो आवाज स्वच्छ होता, बातम्या वाचल्यासारखा, कुठल्याच गावचा नसलेला. गुणवंतांनी तो ऐकला आणि तक्त्यावर कळवलं, चालेल. नव्या डिस्कवर मशीन कुठलाही निरोप न देता झटक्यात चालू होत होतं. चेतनाने ते आईला दाखवलं. चंद्रप्रभाने मान हलवली.

चेतना सोमवारपासून पुन्हा कामावर जायला लागली. दुपारी चंद्रप्रभा पोळ्या करत होती. कुठेतरी एक पुरुष बोलत होता. आंटींचा टीव्ही असेल, असं समजून तिने पोळी उलटली. तो माणूस तेच तेच बोलत राहिला. कुरिअरवाला असेल म्हणून ती दाराशी गेली, दार उघडलं, जिन्यात कुणी नव्हतं. दार लावताना तिला शब्द कळला.

"प्रभा," तो माणूस शांतपणे, सावकाश म्हणत होता. "प्रभा. कफ अडकला आहे. प्रभा."

ती धावली. गुणवंत उशीवरून घसरले होते, ओठ निळसर पडले होते, आणि बोट बटण दाबत होतं. तिने त्यांना कुशीवर वळवलं, कफ ओढायचं मशीन लावलं, नळी तोंडात घातली. घरघर झाली, पुन्हा झाली, आणि मग एक मोठा श्वास आत गेला. ती नळी धरून उभीच राहिली. पोळी जळाल्याचा वास सगळ्या घरभर झाला होता.

किती वेळ हाक मारत होते ते तिने विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम पुसला, उशी सारखी केली, गॅस बंद करून आली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली.

"पुन्हा मारा हाक," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मारा. मला ओळखता आली पाहिजे."

हिरवी चौकट सरकत सरकत आली. बोट दाबलं गेलं.

"प्रभा," तो परका आवाज म्हणाला.

"ओ," चंद्रप्रभा म्हणाली. "पुन्हा."

"प्रभा."

"ओ."

मग ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, भांड्यांचा आवाज केला आणि तिथून ओरडली, "आता मारा!" नळाच्या पाण्यातून, प्युरिफायरच्या घोंघाटातून तो आवाज ऐकू येतो का, ते कान देऊन बघू लागली. आवाज आला. तिने ओ दिली. नळ आणखी मोठा केला.