सेक्रेटरींचे सहा अडेनियम

मैत्रिणींनो, आज मी सूड उगवला आणि अजून गालातल्या गालात हसतेय.

आमच्या कुकटपल्लीच्या सोसायटीत, कंपाउंडलगतच्या खडकाळ पट्ट्यात मी रुई वाढवली होती. दर शनिवारी तिच्याच पानांची माळ मारुतीला जायची. गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी ती मुळासकट उपटली. वर नोटीस लावली, चीक येणारी विषारी झाडं सोसायटीत नकोत. मला म्हणाले, "जंगली झाड है मॅडम, बच्चे खा लिए तो?"

वीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. तेव्हा फक्त त्या नोटिशीचा फोटो काढून ठेवला.

आज सकाळी मीटिंगनंतर ते सगळ्यांना गेटजवळच्या कुंड्यांतले आपले फुगीर बुंध्याचे, गुलाबी फुलांचे सहा अडेनियम कौतुकानं दाखवत होते. मी पुढे झाले आणि एक शेंडा खुडला. चीक टपकला.

"साहेब, हे आणि माझी रुई एकाच कुळातली. पाच पाकळ्या, खुडलं की चीक, शेंग तडकली की वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या. दोघांनाही कोरडी जमीन मानवते. आणि दोघंही विषारी."

मग त्यांचीच नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली.

"हौ साब, रूल बोले तो रूल," त्यांच्या शेजारचे चाचा म्हणाले. संध्याकाळी सहाही कुंड्या गेटबाहेर!

माझ्या बाल्कनीतली सदाफुली? तीही त्याच कुळातली, तीही विषारी. म्हणून तर कालच गुपचूप बहिणीकडे आबिड्सला पोचवली.

आता सांगा, ती परत आणायला किती दिवस थांबू?