ताईच्या अंगणाखालची केबल

फोनवर भाऊजींचा आवाज ऐकला आणि मी खुर्चीतून उठलोच. हिवरखेडहून फोन यायचा तो नेहमी ताईचा. भाऊजींना चार शब्द सलग बोलवत नाहीत. फुप्फुसं निकामी होत आलेली, नाकात नळी आणि उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. गेली काही वर्षं आम्ही सगळे त्यांच्याच बातमीच्या धास्तीत होतो. आणि तेच सांगत होते, "तुई ताई... ओट्यावर बसली होती... गेली रे." मागे यंत्र नेहमीसारखं घरघरत होतं. अकोल्याहून निघताना मला रडू आलं नाही, राग आला. असं न सांगता निघून जाणं ताईला शोभत नव्हतं.

तिचं सगळं आयुष्य त्या यंत्राभोवती फिरायचं. गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तिनं सौर पॅनल घ्यायचं ठरवलं. छत जुन्या टिनाचं, त्यावर वजन पेलणार नव्हतं. अंगणभर कडुलिंबाची सावली. तेव्हा पॅनल अंगणापलीकडे, आवाराच्या पार टोकाला जमिनीवर उभे करायचे आणि तिथून घरापर्यंत केबल अंगणाखालून आणायची असं ठरलं. भांडण सुरू झालं ते इथून. पॅनल बसवणारा रफिक साधी वायर पाइपात घालून वीतभर खोल पुरणार होता. "मॅडम, सब जगह ऐसाच करते. काई होत नाई." ताईनं पदर खोचला. "उंदरानं पाइप कुरतडला, कोनाची कुदळ लागली, तं काय करशीन? ह्यायचा श्वास हाये त्या तारेत!" तिनं लोखंडी तारांचं कवच असलेली आर्मर्ड केबल मागवायला लावली. तीही जाड, कारण अंतर लांब आणि बारीक तारेत वीज वाटेतच जिरते, हे तिनं रफिककडूनच खोदून खोदून काढून घेतलं होतं. मग मांडीभर खोल चर, तळाला चाळलेली वाळू, तीत केबल, वर पुन्हा वाळू आणि त्यावर विटांची सलग ओळ. विटा तिनं स्वतः मांडल्या. मी चिडवलं, "ताई, तू केबल पुरून राहिली का घराचा पाया भरून राहिली?" ती हसलीसुद्धा नाही.

चर बुजला, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पट्ट्यात कुणी खुंटी ठोकायला गेलं, रोप लावायला गेलं, की आतून आरोळी यायची, "तिथं नाई!" शेजारची पोरं तिची नक्कल करायची.

ताई गेली त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा सकाळपासून गावातली वीज गेलेली. पॅनलला जोडलेली बॅटरी जुनी, तिच्या एकटीच्या जोरावर यंत्र चालेना; भाऊजींचा श्वास चालला होता तो उन्हावर आणि त्या केबलवर. भरलेलं सिलिंडर कोपऱ्यात होतं, पण ते जोडायचं फक्त ताईलाच ठाऊक. माणसं जमत होती, ऊन तापलं होतं, म्हणून मांडववाले आले. मी ताईच्या पायाशी बसलो होतो. एकानं मांडवाच्या खांबासाठी खड्डा घ्यायला सब्बल उचलली, तेव्हा माझ्या नीट ध्यानातही आलं नाही... घावामागून घाव पडत गेले. मग टण्णकन आवाज झाला. जिनं ओरडायचं ती समोर पांढऱ्या चादरीखाली निजली होती. "थांब!" म्हणून ओरडत मी आधी घरात धावलो. भाऊजी डोळे मिटून बसलेले. यंत्र... यंत्र घरघरत होतं. मग बाहेर येऊन हातांनीच माती उकरली. वीट फुटून तिचे दोन तुकडे झाले होते. खालची वाळू हललीसुद्धा नव्हती. तिथेच, त्या खड्ड्याच्या काठावर बसून, मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

ताईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मी भाऊजींजवळ थांबलो. सिलिंडर जोडायला मी शिकलो. खड्ड्यात नवी वीट बसवून माती ओढली. आता ती जागा ओळखू येत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. गेल्या आठवड्यात कपडे वाळत घालायची दोरी बांधायची होती. मी खुंटी जमिनीवर टेकवली आणि हातोडी उचलली, तोच खिडकीतून आवाज आला, "तिथं नाई!" भाऊजींचा इतका मोठा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तेवढ्या दोन शब्दांनी त्यांना धाप लागली. मी खुंटी उचलली आणि लांब, पेरूच्या झाडाकडे नेऊन ठोकली.